फराळ म्हणजे जेवण नव्हे

माझ्या सुनेनं, मनकर्णानं, तालुक्याच्या कचेरीला बाहेरून कुलूप लावलं. आत मामलेदार आणि त्यांचे कारकून, बाहेर आम्ही अकरा बाया. कुलूप आमच्या घरचं, धान्याच्या खोलीचं. दुष्काळानं त्या खोलीत राखण करण्यासारखं काही ठेवलंच नव्हतं, म्हणून कुलूप मोकळं होतं.

भांडण पाण्याचं होतं. खडी फोडायच्या दुष्काळी कामावर रोज दोनशे माणूस, आणि प्यायच्या पाण्याचा टँकर चार दिवस फिरकला नव्हता. मुकादम म्हणायचा, साहेबांना विचारा. साहेब म्हणायचे, अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणाले, यावर तारीख नाही. मनकर्णाला सातवा महिना लागलेला. खडीच्या ढिगावर तिला भोवळ आली, तोंडावर मारायलाही पाणी नव्हतं. शुद्धीवर आली ती उठून सरळ घरी गेली, कुलूप घेतलं आणि कचेरीकडे निघाली. बाकीच्या तिच्यामागून. मी सगळ्यांत मागे होते, ते गुडघ्यांमुळे. भीतीमुळे नव्हे.

टँकर दुसऱ्याच दिवशी आला, हे खरं. पण आम्हा अकराजणींना धरलं. फौजदारानं एक कागद पुढे केला. पुन्हा असं करणार नाही असं लिहून द्या, अंगठा उठवा आणि घरी जा. त्याला जातमुचलका म्हणतात. दहाजणींनी दिला. त्या दहांत मीही होते. घरी तीन शेळ्या दाव्याला, लेक बन्सी बैलं घेऊन जनावरांच्या छावणीत गेलेला, आणि माझी समजूत अशी की सासूनं सही केली म्हणजे सून करीलच. मला दुसरीपर्यंतची अक्षरं येतात, म्हणून मी अंगठा नाही, सही केली. त्याचा त्या वेळी मला तोराही वाटला. आता सांगताना वाटत नाही.

मनकर्णानं कागद परत सरकवला.

"चूक केली असती तर लिहून दिलं असतं. पानी मागितलं, त्याला चूक कुठं म्हनत्यात?"

तिला कचेरीमागच्या कोठडीत घातलं. पहिल्या सांजेचं ताट तिनं तसंच बाहेर लोटलं आणि सांगितलं, "खटला काढून घ्याल तवा जेवंन."

दुसऱ्या एखाद्या पोरीनं हे केलं असतं तर मी म्हटलं असतं, रुसली आहे, दोन दिवसांनी भूक बोलेल. पण दोन वर्षांपूर्वी हिचं पहिलं बाळंतपण आठव्या महिन्यातच झालं होतं. पोर रडलं नाही. गावची बाळंतपणं मीच करते, ते माझ्याच हातांत आलं आणि माझ्याच हातांतून गेलं. आता पुन्हा सातवा, आणि ही अन्न सोडून बसलेली. मी रोज एस.टी.नं डबा घेऊन जायची आणि रोज भरलेला डबा परत आणायची. शिव्या दिल्या, गोंजारलं, बन्सीची शपथ घातली. ती गजांपलीकडून एवढंच म्हणायची, "आत्याबाई, तुमी जेवलात का?"

सहाव्या दिवशी सूर्यभान हवालदारानं मला बाजूला घेतलं. तो शेजारच्याच गावचा.

"मावशी, उद्या डागदर नळी आननार हाय. नाकातून घालायची, पोटापातुर, आन वरून दूध सोडायचं. कायद्यात हाय म्हनं."

"पोटुशीच्या नाकात नळी? आन तू काय करनार रं तवा?"

तो खाली बघत म्हणाला, "माजी डूटी पाय धरायची हाय."

"पाय धर, धर! तू उलटा आल्तास आईच्या पोटातून. दुपारधरनं तुजे पाय धरून बसल्ते मी. तवाच सोडले असते तर बरं झालं असतं."

सूर्यभाननं टोपी काढली, परत घातली.

नळी आली, पण ती घातली गेली नाही. डॉक्टर नवा होता, शिकून नुकताच आलेला. त्यानं मनकर्णाची नाडी बघितली, पोट तपासलं, आणि मामलेदारांना सांगितलं की ओढाताणीत दोन जीव जातील, मी हे करणार नाही, तुम्हांला करायचं तर तुम्ही सही करा. सही म्हटल्यावर मामलेदार घाबरले. माणूस वाईट नव्हता, कागदाला भिणारा होता. त्यांनी अव्वल कारकून विष्णुपंतांना बोलावलं, दोघांनी दार लावून घेतलं, आणि तासाभरानं एक हुकूम घेऊन बाहेर आले. मनकर्णाला भाड्याच्या बैलगाडीत घालून, खाली गोधडी अंथरून मी घरी आणलं. हुकूम माझ्या कनवटीला होता.

तो आमच्या शाळेच्या प्रेमलाबाईंनी वाचून दाखवला. "सदर स्त्री कैदी अशक्त झाल्याने तिला तात्पुरते घरी सोडण्यात येत आहे. ती जेवू लागल्यावर तिला पुन्हा हजर करण्यात यावे. हवालदाराने रोज सकाळी पाहणी करून अहवाल द्यावा."

वाचून झाल्यावर बाईंनी कागद मांडीवर ठेवला.

"भागूबाई, साहेबांनी हे आपल्याच डोक्यानं काढलं असेल, पण नवीन नाही हे. साठ वर्षांपूर्वी विलायतेत बायका मताच्या हक्कासाठी तुरुंगात गेल्या होत्या. त्यांनीही अन्न सोडलं. आधी त्यांच्या नाका-तोंडात नळ्या घातल्या. लोक चिडले. मग सरकारनं कायदाच केला, की कैदीण अशक्त झाली की सोडायची, आणि घरी खाऊनपिऊन उभी राहिली की परत धरायची. लोक त्याला मांजर-उंदराचा कायदा म्हणायचे. मांजर कसं उंदराला सोडतं, जरा पळू देतं, आणि परत पंजा टाकतं."

"मतासाठी?" मी म्हटलं. "आमच्या दारात तर मतासाठी पुढारीच हात जोडून येत्यात."

"आपल्याला ते आयतं मिळालं, म्हणून."

मी हुकमाचा कागद परत कनवटीला लावला.

"मग त्या बायांनी काय केलं?"

"काही जणी वेष बदलून घरातून निसटायच्या. लपून राहायच्या."

मी मनकर्णाकडे बघितलं. बाजेवर पडलेली, अंगात काही उरलेलं नाही, आणि पोट तेवढं वर आलेलं. हिला कोणाचा वेष घालू आणि कुठं लपवू?

बाई गेल्यावर मी पेज पुढे केली. मनकर्णानं तोंड फिरवलं.

"आत्याबाई, जेवले की न्येनार. तिथं न्येलं की मी पुन्यांदा न्हाई जेवनार. मग ह्या पोटातल्याला काय सांगू? आज खा, उद्या उपाशी ऱ्हा?"

त्यात खोट काढायला जागा नव्हती. ती जेवली तर सरकार नेणार, आणि नाही जेवली तर मरण नेणार. मी पेज घेऊन तशीच बसून राहिले. ती थंड झाली, वर साय धरली, तरी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी चैत्रातली एकादशी होती. माझा उपास असतो. मी सकाळी मूठभर भगर शिजवली, शेळीच्या दुधात पातळ केली, आणि वाटी घेऊन तिच्याजवळ गेले. मनात काही डाव नव्हता. पोराला घास भरवताना माणूस चिऊ-काऊ करतं, तसं बोलले.

"हे जेवान न्हाई गं. फराळ हाय. तू जेवायचं सोडलंस ना? फराळ कुठं सोडलास?"

ती किती तरी वेळ वाटीकडे बघत राहिली. ती माझ्यापेक्षा दोन यत्ता जास्त शिकली आहे, तेव्हा तिनं मनात काय तपासलं ते तिलाच ठाऊक. मग म्हणाली, "ते बी खरंच." आणि वाटी तोंडाला लावली.

तेवढ्यात दारात सूर्यभान.

मनकर्णाच्या हातात वाटी, ओठाला दूध लागलेलं. त्यानं बघितलं, नीट बघितलं, आणि विचारलं, "मावशी, जेवली का ही?"

"आज एकादस हाय. आमच्या घरात कोन जेवतंय?"

"व्हय की," तो म्हणाला. "माज्याबी ध्यानात न्हाई ऱ्हायलं." उंबऱ्यावर बसून त्यानं वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली आणि लिहिलं. मी मान वाकडी करून वाचलं. "जेवली नाही." त्याच्या तोंडावर लबाडी नव्हती, की उपकारही नव्हते. एकादशीला फराळ करणाऱ्या बाईला कोणी जेवली म्हणत नाही, आणि तो आमच्याच भागात वाढलेला. वही मिटून, गुळाचा कोरा चहा पिऊन तो गेला.

तो वळणापलीकडे गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. त्यानं तिला खाताना डोळ्यांनी बघितलं होतं, आणि सरकारच्या वहीत जेवली नाही असं लिहून गेला होता. आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"मने," मी म्हटलं, "उद्या काय वार हाय गं?"

तिथून पुढं आमच्या घरात देवांची जत्रा भरली. सोमवार महादेवाचा. मंगळवार देवीचा. गुरुवार दत्ताचा, शुक्रवार पुन्हा देवीचा, तिला दोन वार दिले तर ती काही नाही म्हणत नाही. शनिवार मारुतीचा, रविवार खंडोबाचा. बुधवार तेवढा मोकळा निघाला. मग मी पांडुरंगाला सांगितलं, तुझा वार आहे असं म्हणतात, घे. सून उपास करणार म्हणजे सासूनं मागं राहून कसं चालेल? मीही धरले. भगर तालुक्याहून मागवली. माझी बहीण मनुबाई कोल्हारला दिली आहे, तिकडं प्रवरेच्या काठी दुष्काळातही थोडं हिरवं होतं. तिला निरोप धाडला, तर तिनं पोतंभर शेंगा आणि रताळी पाठवली. शेंगदाण्याची आमटी, हळद नाही, मोहरी नाही, जिरं आणि मिरची. भाजकी रताळी. राजगिऱ्याचे लाडू. शेळीचं दूध. मनकर्णाचे गाल आठ दिवसांत भरून आले. पोट मऊ लागायचं ते घट्ट लागायला लागलं, आणि एका सकाळी तिनं माझा हात धरून पोटावर ठेवला. आतून लाथ बसली. मी म्हटलं, "हं, हे बी कचेरीला कुलूप लावनार."

सूर्यभान रोज यायचा. रोज विचारायचा, जेवली का? मी रोज वार सांगायची. बुधवारी त्यानं जरा डोकं खाजवलं.

"बुधवारचा कोनता, मावशी?"

"इठ्ठलाचा. तुला म्हाईत न्हाई? तुजी आई असती तर तिनं सांगितलं असतं."

लिहिलं.

एकदाच घोटाळा होणार होता. शनिवारी शेजारच्या छबूबाईनं बाजरीची भाकर थापली, आणि तो खरपूस वास भिंतीवरून आत आला. मनकर्णाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "आत्याबाई, येकच तुकडा. जिभेला लावू द्या." पोटुशीचं मन, मोडवेना मला. छबूबाईकडून चतकोर मागून आणली. मनकर्णा तोंडाशी नेते न नेते तोच बाहेर खाकरल्याचा आवाज. त्या दिवशी सूर्यभानला सकाळी जमलं नव्हतं, दुपारी आला. मी ती चतकोर तिच्या हातातून ओढली आणि आपल्याच तोंडात कोंबली. गिळेपर्यंत जीव गुदमरला.

"जेवली का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तोंड भरलेलं होतं. मारुतीचा माझा शनिवार असा मोडला. मारुतीनं समजून घेतलं असेल.

पण गावात डोळे असतात. कोणीतरी कचेरीत सांगितलं की भागूबाईची सून हंडा घेऊन टँकरवर उभी असते, रंग तुकतुकीत, आणि सरकारी वहीत म्हणे उपाशी. मामलेदारांनी विष्णुपंतांना धाडलं, की स्वतः बघून लिहून आणा, जेवत असेल तर तिथूनच घेऊन या. पंत आले भर दुपारी, डोक्यावर छत्री, काखेत कागदांची पिशवी, मागे सूर्यभान. आणि आले नेमके चैत्रातल्या दुसऱ्या एकादशीला.

मनकर्णा पानावर बसली होती. ताटात भगरीचा डोंगर, भोवती शेंगदाण्याच्या आमटीचं तळं, कडेला दोन रताळी. आता ताट झाकायला वेळ नव्हता. तिच्या हातातला घास हातातच राहिला. मी तिच्या नि पंतांच्या मधे जाऊन उभी राहिले, पण मी उंच नाही.

"भागूबाई," पंत म्हणाले, "हे काय आहे?"

"भगर."

"ते दिसतंय. म्हणजे ही जेवते आहे."

"न्हाई."

"माझ्या डोळ्यांसमोर घास हातात आहे!"

"पंत, उन्हाचे आलात, आधी बसा. पानी घ्या." त्यांनी तांब्या घेतला, वरून पाणी प्याले. मी विचारलं, "आज तुमी जेवूनच निघाला असाल?"

"आज एकादशी. मी एकादशीला जेवत नाही."

"सकाळपासून पोटात काईच न्हाई?"

"तसं नाही. साबुदाण्याची खिचडी घेतली. आणि पिशवीत दाण्याचे लाडू आहेत, अशक्तपणा वाटला तर..." ते थांबले. मनकर्णाच्या ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी पंतांच्या पुढचा तांब्या उचलून घेतला.

"अहो, पण कायद्याच्या दृष्टीनं अन्न म्हणजे..."

"हुकमात अन्न लिवलंय का जेवू लिवलंय?"

मी कनवटीचा कागद काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. वाचायची गरज नव्हती, तरी वाचला.

"अक्षर तुमचंच न्हवं?"

"माझंच. 'जेवू लागल्यावर'." ते अगदी हळू म्हणाले.

मागून सूर्यभान म्हणाला, "पंत, माज्या वहीत पंधरा दिस 'जेवली न्हाई' हाय. आज जेवली म्हनून लिवलं तर मागलं समदं खोटं ठरंल. माजी नोकरी जाईल."

"तुझी नोकरी जाईल!" पंत त्याच्यावर खेकसले. "आणि माझं काय? माझी आई ब्याऐंशी वर्षांची आहे. श्रीगोंद्याला असते. अकराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं एक एकादशी मोडलेली नाही. फराळावर राहते. मी इथं सरकारी कागदावर लिहू, की फराळ म्हणजे जेवण? मग तिच्या एकाहत्तर वर्षांच्या एकादश्यांचं काय झालं?"

मनकर्णाच्या हातातून आमटी कोपरापर्यंत ओघळली होती, तरी ती हात खाली करत नव्हती. पंतांनी कपाळ पुसलं. मग खाली बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि लिहायला लागले. लिहून झाल्यावर आम्हांला ऐकवलं.

"समक्ष पाहणी केली. सदर स्त्री, गर्भवती, कोठडीत सात दिवस व घरी पंधरा दिवस, असे आजमितीस बावीस दिवस जेवलेली नाही."

"पूर्णविराम दिलात?" मी विचारलं.

"दिला." ते उठले, छत्री उघडली, आणि जाता जाता मनकर्णाला म्हणाले, "मुली, तो घास खा आता. केव्हापासून धरून ठेवला आहेस."

त्या कागदाला पुढं पाय फुटतील हे आमच्या कोणाच्याच डोक्यात नव्हतं. मामलेदारांनी तो नियमाप्रमाणे नगरला वर पाठवला. तिथल्या साहेबांना ना भगर ठाऊक, ना आमचं घर. त्यांनी एवढंच वाचलं, की सात महिन्यांची गर्भार बाई, पाणी मागितलं म्हणून धरलेली, बावीस दिवस जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या दारात जीप थांबली. त्यातून एक तरुण साहेब उतरला, घामानं सदरा अंगाला चिकटलेला. मागे डॉक्टर, मागे दोन माणसं, त्यांच्या खांद्यावर माणूस झोपवून न्यायची झोळी. हातात सलाइनच्या बाटल्या. मनकर्णा ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. साहेब आले म्हणून ती उठली, पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढे झाली.

साहेबानं तांब्या घेतला नाही. "लवकर सांगा, मनकर्णाबाई कुठे आहेत? शुद्धीवर आहेत ना?"

"मीच की," ती म्हणाली.

साहेबानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. डॉक्टरानं बघितलं. तोच नवा डॉक्टर होता, नळीला नाही म्हणणारा. त्यानं तिची नाडी धरली, मग कानातली तपासायची नळी पोटाला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "साहेब, दोघांचीही प्रकृती उत्तम आहे." त्याला हसू आवरत नव्हतं.

"पण अहवालात तर..." साहेब बोलला आणि थांबला. विचारावं की नाही याचा त्यानं तिथं उभ्या उभ्या विचार केला असावा. विचारलं असतं तर उत्तर लिहून घ्यावं लागलं असतं. मग त्यानं खिशातून कागद काढला आणि वाचला. खटला काढून घेण्यात येत आहे. कोणतीही हमी लिहून देण्याची आवश्यकता नाही.

"पुन्यांदा वाचा," मनकर्णा म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचला.

"म्हंजी मी आता जेवू शकते?"

"कृपा करून जेवा," साहेब म्हणाला, आणि तांब्या तोंडाला लावून रिकामा केला.

जीप गेली. मी चूल पेटवली. बाजरीचं पीठ दोन मुठीच होतं, छबूबाईनं भिंतीवरून परातच दिली. पहिली भाकर फुगली ती मी तव्यावरूनच मनकर्णाच्या ताटात टाकली, वर लसणाची चटणी आणि तेलाचा थेंब. तिनं तुकडा मोडला, वास घेतला, आणि मला म्हणाली, "आत्याबाई, आधी तुमी." मी म्हटलं, "नाटकं नको करू, खा." ती खात होती आणि रडत होती. दुसरी भाकर संपवल्यावर रडायची थांबली, तिसरीला हसायला लागली. चौथी मी खाल्ली. पंधरा-सतरा दिवसांच्या भगरीनं आणि दाण्यांनी माझं पोट आंबून गेलं होतं, ते त्या भाकरीनं शांत झालं.

प्रेमलाबाई शाळा सुटल्यावर आल्या. मनकर्णा त्यांना ओट्यावर बसवून सगळं सांगायला लागली, साहेब कसा बोलला, झोळी कशी परत गेली. त्या दोघींचं हसणं मला आतून ऐकू येत होतं. मी भांडी तशीच ठेवली, तव्यावर पाणीसुद्धा ओतलं नाही, आणि चुलीजवळच लुगड्याचा पदर डोक्याखाली घेऊन आडवी झाले. दिवसाढवळ्या झोपलेली भागूबाई गावानं कधी बघितली नव्हती. त्या दिवशी बघितली तर बघू दे म्हटलं. दिवस मावळेपर्यंत मला कोणी उठवलं नाही.